पाहुण्यांची गोलकीपर

पाहुण्या संघाची नावं वाचायला झागोर्काने माईक हातात घेतला, तेव्हा हॉल आधीच पेटला होता. एका बाजूला ढोल, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे कर्णे, पायांखाली सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा सडा. जागा न मिळालेले लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले होते. मोज्यांचा कारखाना बंद पडल्यापासून मोरावा नदीकाठच्या या गावाला अभिमानाने सांगावं असं दुसरं काही उरलंच नव्हतं. होता तो हा मुलींचा हँडबॉल संघ. आजचा सामना जिंकला की संघ थेट वरच्या लीगमध्ये. बरोबरी झाली तरी गुणांवर गावच वर जाणार होतं. आणि समोर होता नदीपलीकडच्या गावाचा संघ.

झागोर्का एकेक नाव घसा ताणून वाचत गेली. शेवटी सोळा नंबर आला आणि तिची जीभ अडली. "सोळा नंबर, गोलकीपर," एवढंच म्हणून तिने माईक टेबलावर ठेवला. नाव घेतलं नाही.

नावाची गरजही नव्हती. शिट्ट्यांनी छप्पर हललं. उंच, रुंद खांद्यांची डोमिंगाश गोलमध्ये गेली, दोन्ही खांबांवर तळहात आपटले आणि तोंड फिरवून उभी राहिली. टेबलाकडे तिने पाहिलंदेखील नाही.

हिला या गावात आणली ती झागोर्कानेच. तरुणपणी झागोर्का स्वतः याच हॉलमध्ये खेळली होती. मग कारखान्यात मोजे जोडले, आणि आता कित्येक वर्षं क्लबची सगळी उस्तवार तिच्याच गळ्यात होती. किल्ल्या तिच्याकडे, जर्सी धुणं तिच्याकडे, तिकिटं, बॉयलर, माईक, सगळं तीच. दोन हिवाळ्यांपूर्वी संघाला गोलकीपर मिळेना, तेव्हा तिने कुठेतरी अंगोलातल्या एका सामन्याचं चित्रण पाहिलं आणि वेड लागल्यासारखी त्या पोरीच्या मागे लागली. तिचा भाचा लिस्बनमध्ये गिलाव्याची कामं करायचा, त्याला पोर्तुगीज येत होती. त्याला मध्ये घालून तिने अंगोलात, लुआंडाला फोन लावला. "तिला सांग, गोलमध्ये तीच उभी राहील. माझा शब्द आहे म्हणावं."

डोमिंगाश आली ती पातळ जाकीट घालून. झागोर्काने तिला आपल्याच घरात वरची खोली दिली, लोकरीचे अस्तर लावलेले बूट घेतले, घेवड्याची उसळ आणि आंबवलेला कोबी खायला शिकवलं. पोरगी स्वयंपाकघरात बसून भाषा शिकली आणि तिला मावशी म्हणायला लागली. आणि खेळली तर अशी, की तळाला पडलेला संघ वसंतापर्यंत वरून तिसरा आला.

मग बुदिमिरची पुतणी तियाना शहरातून परत आली. बुदिमिर म्हणजे लाकडाच्या वखारीचा मालक आणि क्लबचा अध्यक्ष. हॉल तापायचा तो त्याच्याच सरपणावर. तियाना गोलमध्ये उभी राहणार, त्याने सांगून टाकलं, आणि त्या काळ्या मुलीला समजावण्याचं काम झागोर्काला दिलं. झागोर्का तोंडातून ब्रही न काढता ऐकून आली. हॉल बंद पडला तर काय, या धास्तीने तिने स्वतःची समजूत घातली, की एका मोसमाचाच तर प्रश्न आहे.

भांडण झालं ते जर्सी धुण्याच्या खोलीत. दिलेल्या शब्दाचं काय झालं, असं डोमिंगाशने आधी शांतपणे विचारलं, मग पुन्हा विचारलं. झागोर्का टॉवेलांच्या घड्या घालत हिवाळ्याचं, बॉयलरचं, संघाच्या भल्याचं काहीबाही बोलत राहिली. आणि पोरगी मागे हटत नाही असं पाहिल्यावर तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"माझ्या घरचं अन्न खाल्लंस तू. लेकीसारखी ठेवली तुला."

"खाल्लं. भांडीही घासली. ते फिटलं, बाई," डोमिंगाश म्हणाली. तिच्या तोंडचं 'मावशी' गेलं होतं, 'तू'ही गेलं होतं. "फोन तुम्ही केला होता. तुमच्या अध्यक्षाचा आवाज मी ओळखत नाही. तुमचा ओळखते."

"मग जा. बघू कोण दारात उभी करतंय तुला."

ती गेली. आणि जाताना गावच्या रेडिओवर सगळं सांगून गेली: समुद्रापलीकडून बोलावून आणतात आणि मग गोलमधून काढून टॉवेलांच्या घड्या घालायला बसवतात. गाव खवळलं. बेकरीच्या रांगेत लोक झागोर्काला विचारत, आणि तीही म्हणे, कृतघ्न निघाली कार्टी. म्हणताना तिचा स्वतःचाच आवाज तिला परका वाटे. वरच्या खोलीचं दार तिने त्यानंतर उघडलं नव्हतं. नदीपलीकडच्या संघाने त्याच आठवड्यात डोमिंगाशला घेतलं.

आणि आज ती समोर उभी होती.

सामना सुरू झाला आणि कुणाला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. बॉल या टोकाचा त्या टोकाला, त्या टोकाचा या टोकाला. तियाना वाईट नव्हती, उलट जिवाच्या आकांताने खेळत होती. पण डोमिंगाश म्हणजे भिंत होती. हात, गुडघा, टाच, जे मिळेल ते मध्ये घालत होती. झागोर्का गोल पुकारत होती, आणि गोल हुकला की कपाळावर हात मारून घेत होती, आणि हुकवला कुणी हे पाहून छातीत काहीतरी उसळत होतं, ते दाबत होती.

मध्यंतरानंतर पाहुणे एका गोलने पुढे गेले, आणि कोपऱ्यातून तो आवाज आला. माकडाचा. आधी एकाने काढला, मग तिघाचौघांनी, मग अर्ध्या बाकांनी. ढोलवाल्यानेही ठेका धरला. पंचांनी ऐकू न आल्यासारखं केलं. डोमिंगाश हलली नाही. फक्त तिचे हात, जे सतत वर असायचे, ते खाली आले.

शेजारी बसलेला बुदिमिर हसला. "तापू दे जरा. हिचा तोल गेला की आपलं काम झालं."

झागोर्का उठली. माईक घेऊन ती सरळ मैदानात चालत गेली, तेव्हा बॉल हवेत होता. पंचांना नाइलाजाने शिट्टी वाजवावी लागली.

"हा आवाज ज्यांना काढायचाय त्यांनी बाहेर जावं," ती म्हणाली. हॉलभर तिचा आवाज घुमला. "तुमच्यातल्या निम्म्यांना मी पाळण्यातले असल्यापासून ओळखते. सोळा नंबरचं मघाशी नाव घेतलं नाही मी. डोमिंगाश कास्सोमा. तिला इथं मी बोलावलं होतं."

मग ती त्या कोपऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. शेवटी तिच्याच गल्लीतला खाटीक उठला, त्याच्यामागे आणखी दोघं उठले, आणि मान खाली घालून दाराबाहेर गेले. ती परत येऊन टेबलापाशी बसली. बुदिमिर तिच्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी किल्ल्या आणून दे."

खेळ पुन्हा सुरू झाला. मघाचा हुरूप उतरलेला हॉल हळूहळू परत पेटला, कारण सामनाच तसा होता. बरोबरी झाली, पुन्हा पाहुणे पुढे गेले, पुन्हा बरोबरी, पुन्हा एका गोलने मागे. शेवटच्या क्षणी गावच्या संघातल्या नेवेनाला गोलसमोर पाडलं गेलं आणि पंचांनी पेनल्टी दिली. नेवेनाची पेनल्टी वर्षभरात कधी हुकली नव्हती. हा गोल झाला की गाव वर.

सगळा हॉल उभा राहिला. झागोर्काने माईक दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. नेवेनाने हूल दिली, डोमिंगाश फसली नाही. बॉल खाली डावीकडे सुटला, आणि ती अख्खी आडवी पसरली, आणि तिच्या घोट्याला लागून बॉल बाहेर गेला.

"शाब्बास पोरी!"

झागोर्काच्या तोंडून निघून गेलं. माईक चालू होता.

पाहुण्या मुली नाचत एकमेकींवर पडल्या. बाकीचा हॉल वळून टेबलाकडे बघत होता. लोक तिच्या टेबलाशेजारूनच माना फिरवून बाहेर पडले. बेकरीवालीने तर रस्ताच बदलला. नेवेना रडत होती. तिला जवळ घ्यायला झागोर्का उठली, तर तियानाने तिला आधीच कुशीत घेतलं होतं.

हॉल रिकामा झाला. बाहेर पाहुण्यांच्या बसमध्ये गाणं सुरू झालं होतं. खांद्यावर बॅग टाकून डोमिंगाश आतून आली आणि टेबलापाशी थांबली. केस ओले, घोट्याला बर्फ बांधलेला. झागोर्का उभी राहिली. काय बोलायचं ते तिने मनात जुळवलं होतं.

"डोमिंगाश, त्या वेळी मी..."

"डाव्या खांबापाशी जाळी फाटलीय," डोमिंगाश म्हणाली. "बॉल आरपार जातो, पंचांना कळत नाही. शिवून घ्या, बाई."

खांद्यावरची बॅग सारखी करून ती लंगडत बाहेर गेली. बसचं दार लागलं. गाणं पुलाकडे सरकत गेलं.

झागोर्काने टरफलं झाडली. खिडक्या लावल्या. मग कपाटातून दाभण आणि सुतळी काढली आणि मैदान ओलांडून डाव्या खांबापाशी जमिनीवर बसली. भोक चांगलंच मोठं होतं. तिची मूठ सहज आत गेली. ती चष्मा कपाळावरून खाली घेऊन टाके घालू लागली. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवरून हळूहळू सरकत भिंतीवर गेला. शेवटची गाठ तिने दातांनी ओढून घट्ट केली, आणि जाळीवर मूठ दाबून पाहिली.