योगनिद्रेतला नेम

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगच्या बायकांनी बसायला स्टुलं मागितली, तर त्यांना योगनिद्रा मिळाली.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये सतरंज्या अंथरल्या. योगाच्या रुचिता मॅडम मधाळ आवाजात सांगत होत्या, "उजव्या पायाचा अंगठा ढिला सोडा. पोटरी ढिली सोडा." सतरंजीवर पडलेल्या चंदनाच्या मनात आलं, सकाळपासून उभ्यानं पोटऱ्यांचा दगड झालाय, सुटतील कशा? शेजारी संघप्रिया कुशीवर पडली होती. सातवा महिना, पावलं सुजून चपलेत मावेनात. तिला तर खरीच झोप लागली.

"आता मनात एक संकल्प घ्या," मॅडम म्हणाल्या. "माझी कुणाबद्दल तक्रार नाही, असाही चालेल."

तेवढ्यात सुपरवायझर आदर्श मोबाइल घेऊन आला आणि त्यानं संघप्रियाचा खांदा हलवला. "उठा ओ. फोटोत सगळ्या सरळ पाठीवर पायजेत."

चंदनाच्या अंगाचा तिळपापड झाला. जैनांच्या रीतीनं रोज सामायिकाला, ध्यानाला बसणारी बाई ती. तिचा चढलेला आवाज तिच्या गावात, उचगावातही कुणी ऐकला नव्हता. आजही चढला नाही. उठून बसत तिनं हात जोडले.

"सर, मी संकल्प घेतला."

"छान की. सांगा, व्हिडिओ घेतो."

"लाइनीवर स्टुलं येईपर्यंत कंपनीत अन्नाचा कण तोंडात घालणार न्हाय."

बायकांचे डोळे खाडकन उघडले. चंदना दिवस उगवायच्या आत आणि मावळल्यावर काही खात नाही, हे साऱ्या लाइनीला ठाऊक. ती घर सोडायची अंधारात, परत पोचायची अंधारात. डबा बंद म्हणजे कडकडीत उपासच.

आदर्शचा मोबाइल खाली आला. "अहो अक्का, योगातला संकल्प मनात ठेवायचा असतोय."

"तुमच्यात असंल. आमच्यात घेतला की पाळायचा असतोय."

"चक्कर येऊन पडला तर नाव माझं येणार."

"ही पडली असती तर कुणाचं आलं असतं?"

"राग सोडा, ताई," मॅडम हळूच म्हणाल्या.

"अंगठा सोडला, पोटरी सोडली. राग तेवढा राहू द्या, मॅडम."

आदर्श पाय आपटत गेला आणि केबिनमधली आपली चाकाची खुर्ची ढकलत आला. "घ्या. आता जेवा."

चंदनानं संघप्रियाला खुर्चीत बसवलं, आपला डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला.

"माझ्यापायी नको ओ, अक्का."

"तू खा. बाकीच्यांची स्टुलं आली की मी जेवीन."

ती लाइनीवर आपल्या जागी जाऊन उभी राहिली. मागं कँटीनमध्ये बाकीच्या बायकांनी डबे उघडले होते; त्यांच्यातल्या तानाबाईनं घास मोडला होता. तो तसाच ठेवून तिनं डब्याला झाकण लावलं.