चालीखालचं नाव

आमचे मालक, सर्जेराव, मांडवगण फराट्याच्या भजनी मंडळाचे बुवा. बुवा म्हंजी काय, तर पेटी पुढ्यात घेऊन मान हलवायची. ज्या चालीनं त्यांचं नाव झालं ती चाल माझी. कांदं खुरपताना मी बांधली, यांनी बांधावर बसून ऐकली. एकोणीस वर्षं झाली, अजून खरं कुणाला सांगितलं न्हाई.

यंदा दौंडच्या स्पर्धेत नवीनच टूम निघाली. चाल कागदावर लिहून द्या, खाली बांधणाऱ्याचं नाव टाका. म्हणून भाचा सत्यजीत कोरेगाव भीमाहून लॅपटॉप घेऊन आला.

आधी माउसनं एकेक सूर रेघांवर ठेवायला लागला. दोन ओळी व्हायच्या आत मालकांना जांभया.

"हे काय रे, तांदळातलं खडं वेचल्यागत!"

मग त्यानं पट्ट्यांचा कीबोर्ड जोडला. वाजवाल तसं आपोआप लिहितंय म्हणे. तर मालकांचा उजवा हात पट्ट्यांवर आन् डावा मागं भाता शोधतोय! विजेच्या पेटीला भाता! हसू दाबून दाबून माझं पोट दुखलं.

"मामा, माईकवर गाऊनच टाका," सत्यजीत म्हणाला. "कॉम्प्युटर ऐकून लिहील."

धृपद गायले. अंतऱ्याला आले आन् अडकले. अडकणारच! मंडळात त्या जागेला हे हात वर करतात, टाळकरी जोर लावतात, बुवांचं झाकून जातं. माईकपुढं कोण झाकणार? तीनदा गायले, तीन तऱ्हा उमटल्या.

"मामी, तुम्हाला येतंय का?"

"मला न्हाई तर कुणाला? चाल माझी हाय. आधी खाली माझं नाव लिही, मग गाते."

सत्यजीतनं मामाकडं बघितलं. मालक उगाच कीबोर्डच्या पट्ट्या पुसायला लागले. खोटं हाय म्हणायची पण छाती न्हाई! माझा जीव मात्र कानात गोळा झालेला.

"टाक बाबा," शेवटी म्हणाले. "पण शेवंताबाई-बिवंताबाई नको, लोक हसतील. 'सौ. सर्जेराव' टाक. बास."

मी माईक त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"मग अंतरा गायला त्या सौ. सर्जेरावांनाच बोलवा," म्हणलं. "मी शेवंता हाय."