राजाची हाडं

"बायकोचं रक्त चालत नाही म्हणाले पोलीस," झोर्याना म्हणाली. "आईचं लागतं, नाहीतर मुलाचं. मूल तर आम्हाला नाही."

तिकीटखिडकीपाशी मेलानिया डोक्यावरचा रुमाल घट्ट करत होती. "हळू बोल. लोक आलेत."

"येऊ देत. उन्हाळा गेला, थंडी आली, आई. तुमचा उद्या काही उगवत नाही."

"ओस्ताप बेपत्ता आहे. मेलेला नाही."

"ओळखू येईल असा हाती लागला असता तर रक्त कशाला मागितलं असतं?"

सुनेकडे पाठ करून मेलानिया फाटकाकडे वळली. पूर्वेच्या आघाडीवर तिच्या मुलाच्या, ओस्तापच्या तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा त्याला पडताना कोणी पाहिलं नव्हतं. मेलानिया तेवढंच धरून बसली होती. तिने डीएनएसाठी नमुना दिला नाही, तर तो एखाद्या बेवारस मृतदेहाशी जुळला असं सांगणारा फोन येणार नव्हता.

आजचा गट खार्कीवहून विस्थापित होऊन हालिचमध्ये राहायला आलेल्या बायकांचा होता. मेलानियाने त्यांना क्रिलोसच्या टेकडीवर, जुन्या चर्चच्या उरलेल्या दगडी पायाजवळ नेलं. गेली कित्येक वर्षं ती हेच काम करत होती.

"हे राजा यारोस्लावचं हालिच. कार्पेथियनपासून डॅन्यूबपर्यंत त्याचा दरारा होता. एका डोक्यात आठ माणसांची अक्कल, म्हणून त्याला ओस्मोमिस्ल म्हणत."

"आठांची!" राइसा नावाची म्हातारी म्हणाली. "आमच्या ह्यांना एकाची मिळाली असती तरी माझा संसार धड झाला असता."

बायका हसल्या. मेलानियाही हसली. मग तिने पायाच्या दगडांमधली एक जागा दाखवली. "इथे दगडी शवपेटी सापडली. आत हाडं होती. आमच्या राजाची."

"कशावरून?" राइसाने विचारलं.

"बखरीत लिहिलंय, त्याला याच चर्चमध्ये पुरलं."

"म्हणजे अंदाजच की! आता तर नखाएवढ्या हाडावरून कळतं म्हणे."

हा प्रश्न नवा नव्हता. त्याचं उत्तर मेलानियाला पाठ होतं. "कळतं, पण ताडून बघायला रक्ताचं माणूस लागतं. त्याचा वंश बुडाला. कोणाशी ताडणार?"

"अरेरे," राइसा म्हणाली. "म्हणजे हाडं सापडली, पण राजा बेपत्ताच."

बायका पुन्हा हसल्या. यानंतर मेलानिया राजाच्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगत असे. ते वाक्य आलं नाही. ती त्या दगडांकडे बघत राहिली. रक्ताचं माणूस लागतं, हे ती आत्ताच स्वतःच्या तोंडाने बोलली होती. ओस्तापचं ते माणूस जिवंत होतं, आणि इथे उभं राहून गोष्टी सांगत होतं.

"बाई, बरं वाटत नाहीये का?"

"पुढचं चर्च तुम्हीच बघा," ती म्हणाली. "दार उघडंच आहे."

झोर्याना बस थांब्यावर बसली होती. सासूला येताना पाहून ती उठली. दोघी पहिल्या आलेल्या बसमध्ये चढल्या.

पोलीस कार्यालयातला अधिकारी ओस्तापच्याच वयाचा होता. त्याने हातमोजे चढवले आणि कापसाची काडी काढली. "आ करा, काकू. गालाच्या आतून फिरवायची, दुखत नाही."

तिने तोंड उघडलं. त्याने काडी फिरवून पाहिली आणि तो थांबला. तोंड कोरडं ठणठणीत पडलं होतं.

"घाबरू नका. घोटभर पाणी पिऊन बसा थोडा वेळ. नाहीतर बोटातून रक्त घेता येईल."

"बसायला नको. रक्तच घ्या."

तिने हात पुढे केला. सुई टोचली. त्याने बोट दाबून एक थेंब जाड कागदावर टिपला, मग शेजारी दुसरा. झोर्याना भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"झालं," तो म्हणाला आणि त्याने बोटावर कापूस ठेवला.

"एवढंच?"

"एवढं पुरतं, काकू."

"नक्की पुरेल ना?"

"पुरेल."

मेलानियाने कापूस बाजूला काढला आणि हात तसाच टेबलावर राहू दिला.

"लागलं तर अजून घ्या," ती म्हणाली.