मागचं वल्हं

सुनेनं माझ्यासाठी रुंद काठाची टोपी आणली, मुलीनं पाण्यात घालायच्या रबरी चपला आणल्या, आणि मला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी घड्याळ बघणाऱ्या माझ्या मुलानं चक्क सुट्टी काढली. एका दिवसाच्या सहलीसाठी एवढी तयारी बघून मी सुनेला म्हटलं, “काय गं, मला तळ्यात सोडून येणार आहात की काय?”

ती हसली नाही. चपलांना चिकटलेलं लेबल नखानं खरवडत बसली.

सहल मुलीच्या ऑफिसातल्या लोकांची. दर उन्हाळ्यात ते शहराबाहेरच्या मोठ्या तलावावर जातात, कयाक नावाच्या निमुळत्या होड्या चालवतात, फळीवर उभं राहून वल्हं मारतात, त्याला पॅडलबोर्ड म्हणतात म्हणे. आजवर मला कुणी चल म्हटलं नव्हतं. या वेळी मात्र मुलगी दोन-तीनदा म्हणाली, “आई, तू आलीच पाहिजेस.” मला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

आमच्या घराची रस्त्याकडची खोली माझी आहे. तिथं ताडपत्री शिवायचं मोठं मशीन आहे, फरशीत बोल्ट मारून बसवलेलं. नवरा गेल्यावर या मशीनवरच दोन्ही पोरं वाढवली. हिवाळ्यात सुई माझ्या नखातून आरपार गेली, तेव्हापासून मुलगा रोज मागे लागला होता, “बास आता, आई. बंद कर ते.” मी म्हणायचे, “किल्ली माझ्या गळ्यात आहे तोवर खोली माझी. मी गेले की काय हवा तो गोंधळ घाला.” किल्ली मी ताडपत्रीच्या नारंगी पट्टीत ओवून गळ्यात घालते. आंघोळीलासुद्धा काढत नाही.

निघायच्या दिवशी मशीनवर कोपऱ्यावरच्या फळवाल्याचं छत अर्धं शिवून ठेवलेलं होतं. उन्हानं त्याचा माल नासत होता. सोमवारी देते, असं मी त्याला सांगितलं होतं.

मुलानं मित्राची मालाची बंद गाडी आणली होती, पुढे दोन बाकं आणि मागे मालाची जागा असलेली. “सगळ्यांचं सामान मावेल,” म्हणाला.

तलावावर एक काटक तरुण सगळ्यांना शिकवत होता. बोलण्यापेक्षा शिट्टीच जास्त वाजवायचा, म्हणून ऑफिसातली पोरं त्याला शिट्टीच म्हणत. त्यानं मला लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि म्हणाला, “आजी, तुम्ही दोघींच्या कयाकमध्ये पुढे, मुलगी मागे. पुढच्यानं वेग धरायचा, मागचा दिशा सांभाळतो. आणि पुढच्यानं सारखं मागे वळून बघायचं नाही, होडी डुलते.”

“हे मला शिकवू नकोस,” मी म्हटलं. “जन्म गेला यात.”

खरंच गेला. लांब ताडपत्री एकट्यानं शिवता येत नाही. एकजण मशीनवर बसतो, दुसरा मागे उभा राहून शिवलेलं कापड ओढत राहतो. पुढच्यानं मागे पाहिलं की मान वळते, मानेबरोबर खांदा, आणि टीप वाकडी जाते. म्हणून मागचं मागच्या हातावर सोडायचं. माझी मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्या मागे उभी राहायची. तिची ओढ मला माझ्या श्वासासारखी ठाऊक आहे. तिच्यासाठी मी कधी मान वळवली नाही.

“गळ्यातलं, हातातलं काढून ठेवा,” शिट्टी ओरडला. “पाण्यात पडलं की गेलं!”

मुलीनं लगेच हात पुढे केला. “दे, आई. दादाकडे ठेवते. तो काठावरच थांबतोय, पोट बिघडलंय त्याचं.”

सकाळी त्यानं सगळ्यांपेक्षा जास्त खाल्लं होतं. तरी मी किल्ली काढून दिली.

पाण्यात गेल्यावर मी सगळं विसरले, हे कबूल करते. वल्हं पाण्यात घातलं की होडी गुमान पुढे सरकायची. मुलीचा साहेब फळीवर उभा राहायचा आणि धपकन पडायचा. वर आला की म्हणायचा, “मुद्दाम पडलो! उकडतंय फार!” बाकीचे ओरडायचे, “साहेब, पगारवाढीसारखे बुडताय!” मी इतकी हसले की वल्हं हातातून निसटायला आलं. मनात आलं, पोरीनं मला आधी का नाही आणलं इथं?

हसता हसता नजर काठाकडे गेली. मला जवळचं सगळं धूसर दिसतं, सुईत दोरा ओवता येत नाही. लांबचं मात्र अजून लख्ख दिसतं. घरात हे कुणी लक्षात ठेवलेलं नाही. त्यांच्या लेखी म्हातारीला दिसत नाही, एवढंच.

गाड्या लावलेल्या मैदानात माझा मुलगा भराभर चालला होता. त्याच्या हातात नारंगी पट्टी लोंबत होती. तो मालाच्या गाडीत बसला आणि गाडी वळून रस्त्याला लागली.

“दादा कुठं निघाला गं?”

“कुठं? एवढ्या लांबून तुला काय दिसतंय, आई?”

“लांबचंच दिसतं मला.”

“बर्फ आणायला गेला असेल.”

“माझी किल्ली घेऊन?”

मागचं वल्हं चपचप चालत राहिलं.

“काठाला चल,” मी म्हटलं.

“हो, चल.”

मी जोर लावला. होडीचं तोंड काठाकडे वळायला लागलं आणि हळूच पुन्हा तलावाच्या मध्याकडे फिरलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा वल्हं मारलं. पुन्हा तेच. हिसका नाही, घाई नाही, एकसारखी, शांत ओढ. ती ओढ मी ओळखली. मीच शिकवली होती.

मी वल्हं मांडीवर ठेवलं. होडी तरीही फिरतच राहिली.

मग मी मागे वळून पाहिलं. होडी डुलली. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिचं वल्हं अजून पाण्यात आडवं रोवलेलं होतं.

“कुणाला दिलं मशीन?”

“एक कारागीर आहे. चांगला माणूस आहे गं, वापरेल तो.”

“तुला माहीत होतं.”

“तुझं ते बोट आठव! रक्त थांबत नव्हतं, कापड माझ्या हातात होतं, मी बघत होते!” ती एकदम ओरडली. “दादा म्हणाला, तू घरात असलीस तर एक बोल्ट काढू देणार नाहीस.”

“खरं बोलला.”

“मग आम्ही काय करायचं?”

“विचारायचं.”

“किती वेळा विचारलं!”

“आणि मी नाही म्हटलं होतं.”

तेवढ्यात शिट्टी आपल्या होडीतून जवळ आला. “काय आजी, मजा येतेय ना?”

“मला काठावर ने.”

“दमलीय ती,” मुलगी डोळे पुसत म्हणाली. “मी आणते तिला.”

“हिच्या हातानं नको,” मी म्हटलं.

त्यानं आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. आमच्या होडीला दोरी बांधून त्यानं ओढत काठावर नेलं.

सून टॉवेल घेऊन उभी होती. माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, “आई, मी ह्यांना म्हटलं होतं, तुम्हाला सांगा म्हणून.”

“मग तू का नाही सांगितलंस?”

ती कोरडाच टॉवेल पिळत राहिली. मी मुलाला फोन लावला, त्यानं उचलला नाही.

उन्हं कलली तेव्हा गाडी परत आली. बर्फ नव्हताच. मुलानं किल्ली पुढे केली, नारंगी पट्टी नीट गुंडाळलेली. “घे, आई. घरी चल, खोली तरी बघ. खिडकीपाशी पलंग लावलाय तुला.”

“मशीनवर ताडपत्री होती.”

“कुठली?”

“फळवाल्याची. अर्धी शिवलेली.”

त्यानं बहिणीकडे पाहिलं. “ती… मशीनबरोबरच गेली असेल.”

सुईखालचं कापडसुद्धा काढून ठेवलं नव्हतं त्यानं. मला तेवढ्यानंच रडू आलं. मशीनसाठी आलं नव्हतं.

“आधी त्या माणसाकडे चल,” मी म्हटलं. “ते छत आणायचंय. राहिलेलं हातानं शिवेन.”

“सुईत दोरा कोण ओवणार, आई?” मुलगी हळूच म्हणाली.

“तू नाही.”

सुनेनं खाली मान घातली आणि म्हणाली, “मी ओवेन.”

मुलगी गाडीचं पुढचं दार उघडून उभी राहिली. “पुढे बस, तुला मागे मळमळतं.”

“मळमळू दे.”

किल्ली गळ्यात घातली आणि सुनेशेजारी मागच्या बाकावर बसले, दोघा भावंडांच्या माना दिसतील अशी. कारागिराचं घर येईपर्यंत त्यांच्यातल्या एकानंही मागे वळून पाहिलं नाही.