पहिल्या नंबराची लाल ओळ

सव्वाचार किलोचं लोखंडी वजन. तळ झिजून इतका गुळगुळीत झालेला की त्यात तोंड दिसावं.

नासलेल्या दुधाचा चहा. पिणारा शेवटच्या घोटापर्यंत शांत.

चष्म्यांच्या फ्रेमची चार खोकी. एका बंद शटरसमोर, सकाळपासून.

'उपाशी जावं, पण वखवखलेलं जाऊ नये. वखवखलेल्याला सगळंच गोड लागतं.' (यादी, सूचना पहिली.)

लाल शाई महाग म्हणून नाही, तर यंत्र दोनदा पुसावं लागतं म्हणून छापखानेवाला लाल ओळ सगळ्यात आधी छापून घेतो. काळ्या ओळी मागाहून.

आणि ज्या माणसाला चार वर्षांत कसलाही वास आला नव्हता, त्याला एका मंगळवारी दुपारी चार वाजता, भांडी घासताना, कांद्याचा वास आला.

*

या माणसाला गाव चाख्या म्हणतं. खरं नाव आहे, पण ते वीजबिलापुरतं. पाणीखात्यात कारकून, एकटा जीव, आणि तेवीस वर्षं गावातल्या सँडविचची यादी काढणारा. यादी म्हणजे एक कागद. वर्षातून एकदा निघतो आणि बसथांब्यावर, दवाखान्याच्या भिंतीवर, वाचनालयाच्या दारावर चिकटवला जातो. बाहेरून आलेला माणूस आधी यादी बघतो, मग लघवीला जागा शोधतो, असं गावात म्हणतात.

गावाचं सँडविच ते एकच. दोन जाड पाव, मध्ये तासभर मंद आचेवर परतून तांबूस केलेला कांदा, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या आणि वाटलेली मोहरी. हे सगळं तव्यावर ठेवायचं आणि वर लोखंडी वजन. अकरा दुकानं, अकरा वजनं. बाहेरच्याला वाटतं खुबी कांद्यात आहे. गावच्या माणसाला विचाराल तर तो वजनाकडे बोट दाखवेल.

पहिला नंबर अठरा वर्षं एकाच दुकानाचा होता, चाख्याच्या दादाच्या. गाव त्यावर कुरकुरत नसे, कारण खाल्ल्यावर कुरकुरायला तोंड मोकळं राहत नसे. पण चाख्याच्या मनात ते बोचायचं. सख्खा भाऊ म्हणून तो दादाकडे दुप्पट कडक होऊन जाई. पैसे टाकून खाई, दादाशी बोलत नसे, तिसऱ्या घासानंतर थांबून डोळे मिटे. दादा वजनावर फडकं फिरवत उभा राही, परीक्षेचा निकाल लागतोय तसा.

*

'दुकानदाराचा चेहरा बघू नये. तव्याकडे बघावं.' (सूचना तिसरी.)

*

चार वर्षांपूर्वी चाख्याला ताप आला. आठ दिवस अंथरुणात, नवव्या दिवशी उठला. यादीचे दिवस होते. नेहमीप्रमाणे आधी दादाकडे गेला, कारण लाल ओळ आधी छापली जाते. खाल्लं. तिसऱ्या घासाला डोळे मिटले. तोंडात ओला पुठ्ठा.

दादाने त्या दिवशी, अठरा वर्षांत पहिल्यांदा, विचारलं, "काय रे बारक्या?"

चाख्या काही बोलला नाही. नियमच होता तो. छापखान्यात जाऊन लाल ओळ लिहून दिली. पहिला नंबर पुलाजवळच्या दुकानाला, जे दर वर्षी दुसरं असायचं. आणि त्याच ओळीत दादाच्या नावापुढे चार शब्द: चव उतरली. हात सैल.

दुसऱ्या दिवशी पुलाजवळ खाल्लं. पुठ्ठा. बाजारातल्या दोन दुकानांत खाल्लं. पुठ्ठा. 'गावालाच झालंय काय,' असं त्याला खरोखर वाटलं, हे नंतर आठवून त्याला स्वतःचीच शिसारी यायची. संध्याकाळी घरी चहा करून प्यायला, आणि कपाच्या तळाशी दुधाच्या गुठळ्या दिसल्या. मग त्याने मोहरीचा डबा उघडून चमचाभर मोहरी चावली. डोळ्यांतून पाणी आलं, चव आली नाही.

तो धावत छापखान्यात गेला. कागद दोरीवर वाळत होते.

"ये," छापखानेवाला म्हणाला. "सकाळपासून लोक येऊन वाचून जातायत. कमाल आहे तुझी. सख्ख्या भावालासुद्धा सोडलं नाहीस. आजवर मला वाटायचं, भाऊ म्हणून वर ठेवतोस. माफ कर बाबा."

चाख्याने तोंड उघडलं. अठरा वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याने तोंड मिटलं.

इतकंच झालं. यापेक्षा जास्त काही झालं नाही.

*

'वजन उचललं की पावाने आवाज केला पाहिजे, वाळलेल्या पानावर पाय पडल्यासारखा. आवाज न करणारं सँडविच खाऊ नये.' (सूचना सातवी. चार वर्षांपूर्वी नव्याने घातलेली. सगळ्यांना फार आवडली.)

कानावर आणि रांगेच्या लांबीवर त्याने पुढच्या तीन याद्या काढल्या. कोणाला कळलं नाही. उलट भाषा सुधारली म्हणाले.

दादाचं दुकान अकरा महिने चाललं, मग बंद झालं. पुढच्या वर्षी दादा गेला, झोपेत, छातीत कळ येऊन. चाख्या स्मशानात गेला, तेराव्याला गेला, दुकानाच्या गल्लीत मात्र गेला नाही.

*

मंगळवारचा वास त्याने आधी नाक परत आलं म्हणून साजरा केला. साबण हुंगला. नाही. रॉकेलची बाटली, आगपेटी, स्वतःची बगल. काही नाही. फक्त कांदा, तांबूस होऊन करपायच्या अलीकडे थांबवलेला. खिडकी लावली तरी होता. पावणेपाचला गेला.

बुधवारी चारला परत आला. चाख्या चपला घालून बाहेर पडला. वास पाणीखात्याच्या भिंतीपर्यंत दिसेल इतका स्पष्ट होता आणि तिथे संपला. गुरुवारी कापडाच्या दुकानापर्यंत. शुक्रवारी त्यात मोहरी मिसळली. शनिवारी तापलेलं लोखंड. रोज थोडं पुढे, लहान मुलाला बोट धरून शिकवावं तसं. वाटेत लोक विचारायचे, "काय चाख्या, यंदा कोण?" आणि तो नाक वर करून त्यांच्यातून निघून जायचा. लोक म्हणायचे, बघा, कामात असला की बापाला ओळखत नाही.

छापखानेवाल्याने निरोप धाडला होता, लाल ओळ दे, यंत्र अडलंय.

रविवार आणि सोमवार तो घरात बसून राहिला. नाकाला कापूस लावून. कापसातून वास येत राहिला.

*

मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं. गल्ली. खोकी. शटर अर्धं वर.

आत वहिनी होती. ओंजळभर खिळे एका डब्यात टाकत होती.

"भाऊजी?" ती म्हणाली. "या. वाकून या, डोक्याला लागेल. उद्यापासून चष्मेवाला येतोय. किल्ली आज द्यायचीय."

तो वाकून आत आला. दुकान रिकामं होतं. भट्टी कधीच विकली होती, तिच्या जागी फरशीवर फिकट चौकोन राहिला होता. भिंतीवर तेलाचा डाग, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. आणि वास इतका दाट की चाख्याने चौकट धरली.

"बरं नाही का?"

"वहिनी, तुम्हाला वास येतोय?"

"कसला? चुन्याचा? आज सकाळीच फासलाय."

"कांद्याचा."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. "इथे तीन वर्षं चूल पेटलेली नाही, भाऊजी."

"कांदा आहे. करपायच्या अलीकडचा. मग मोहरी. मग वजन तापल्याचा. आणि..." तो थांबला. आज पहिल्यांदाच त्यात आणखी काही होतं. "शेवटी एक आंबट चटका आहे. नाकाच्या शेंड्याला लागतो. व्हिनेगर."

खिळ्यांचा डबा वहिनीने खाली ठेवला. अगदी हळू, आवाज न करता.

"व्हिनेगरचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"ते आधी नसायचं. तुमच्या कागदानंतर घालायला लागले. आधी पाव बदलला. मग कांदा दुसऱ्या बाजारातून आणला. मग ते वजन, वडिलांच्या हातचं, ते काढून नवीन आणलं. मग परत जुनं. बशीत मीठ घेऊन बसायचे आणि चिमूट चिमूट जिभेवर ठेवायचे. मला म्हणायचे, तू सांग. मी सांगायची, बरोबर आहे हो. तर म्हणायचे, तुला काय कळतं, बारक्याची जीभ आहे ती. तिला लागलं म्हणजे काहीतरी आहे. शेवटच्या दोन महिन्यांत व्हिनेगर."

चाख्या फिकट चौकोनाकडे बघत होता.

वहिनीचा चेहरा अचानक उजळला. तीन वर्षांत तिला कोणी असं बघितलं नसेल. "म्हणजे आला होतात तुम्ही. आला होतात ना? ते म्हणायचेच. बारक्या येऊन खाऊन जाईल, गर्दीत, तोंड न दाखवता. गर्दी कुठे होती तेव्हा, तरी म्हणायचे. दारात कोणी तुमच्यासारखा टोपीवाला दिसला की मान वर करायचे. मी म्हणायची, नाही येत ते. शेवटपर्यंत आमचं त्यावरून भांडण. म्हणजे त्यांचंच खरं. कशी होती चव? सुधारली होती ना?"

हो म्हणणं सोपं होतं. एक अक्षर. हो म्हटलं असतं तर दादा भांडण जिंकला असता, वहिनी हरल्याच्या आनंदात किल्ली देऊन घरी गेली असती, आणि यादी तशीच भिंतीवर राहिली असती. वास त्याच्या घशापर्यंत आला होता. कोणीतरी अगदी जवळ उभं राहून उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

"नाही आलो," चाख्या म्हणाला.

"मग?"

"आलो असतो तरी कळलं नसतं. मला चव लागत नाही, वहिनी. वासही येत नाही. त्या तापापासून. दादाचं खाल्लं तेव्हाच गेलेली होती. मला वाटलं दादाचा हात सैल झाला. दुसऱ्या दिवशी कळलं की माझंच तोंड गेलंय. कागद वाळत होते. मी काही बोललो नाही."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"चार वर्षं?" वहिनीने विचारलं.

"हो."

"आणि तीन याद्या?"

"हो."

वहिनी चौकोनापाशी गेली, वाकली आणि फरशीवर तळहात ठेवला. बराच वेळ.

"गार आहे," ती म्हणाली. "अजून येतोय?"

"येतोय."

"इथूनच?"

"तुम्ही हात ठेवलाय तिथून."

वहिनी तिथेच बसली, चौकोनाच्या कडेला, आत पाय न टाकता. "मग विचारा त्यांना, मीठ बरोबर आहे का."

"वासावरून मीठ कळत नाही, वहिनी."

"ते मला ठाऊक आहे." तिने पदराने हात पुसला. "मला सांगून काय उपयोग, भाऊजी? मी तर तेव्हाही सांगतच होते बरोबर आहे म्हणून. ज्यांना तुम्ही चुकीचं सांगितलं त्यांना सांगा. जा आता. मला किल्ली द्यायला तासभर आहे, तेवढा वेळ बसू द्या."

तो वाकून बाहेर पडला. डोक्याला शटर लागलंच.

*

छापखान्यात शाईचे डबे उघडे होते. त्यांचा वास यायला हवा होता. आला तो व्हिनेगरचा. मागे मागे आलेला, पावणेपाच वाजून गेले तरी न गेलेला.

"आलास एकदाचा," छापखानेवाला म्हणाला. "बोल. लाल ओळ."

चाख्याने सांगितलं. छापखानेवाला अर्ध्यात लिहायचा थांबला, चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय आहे?"

"यादी आहे."

"यात दुकान कुठाय?"

"पुढे येतंय. लिही. 'ही यादी काढणाऱ्याला चार वर्षांपासून चव लागत नाही. चार वर्षांपूर्वी त्याने एका दुकानाबद्दल लिहिलेलं खोटं आहे. त्या दुकानात काही बिघडलं नव्हतं.' मग दादाचं नाव घाल. गल्लीचं नाव घाल."

"अरे, तिथे उद्यापासून चष्मे मिळणार. लोक पत्ता शोधत जातील, सँडविच कुठाय विचारतील."

"विचारू देत."

"तुला हसतील. थुंकतील. पाणीखात्यात बसू देणार नाहीत सुखाने."

"हं."

"आणि खाली बाकीचे दहा नंबर?"

"कोरे ठेव."

छापखानेवाल्याने नाक खाजवलं, उगाच इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाला, "कोणी काही तळतंय का रे शेजारी?"

छापखानेवाल्याने लाल शाईचा डबा पुढे ओढला.

*

पहिल्या वर्षीची यादी दादानेच लिहिली होती, कारण धाकट्याचं अक्षर वाईट होतं, आणि तिच्यात त्याने स्वतःचं दुकान तिसऱ्या नंबरावर टाकलं होतं.