बाहेरचा बांध

शेतकऱ्याच्या घरात दुकानातल्या तांदळाची गोण येते, हे आता आपल्याकडे कुणाला खटकतही नाही. गणराजच्या घरात मात्र त्यावरून रोज धुसफूस चालायची. त्याचे वडील मोरू ताटावर बसायचे, दोन घास खायचे, "याला चव न्हाय" म्हणायचे आणि अर्धपोटी उठायचे. सून कल्पिता चिडायची. चिडणार नाही तर काय करील? चूक तिच्या रांधण्याची नव्हती आणि तांदळाचीही नव्हती. अंगणापासून खाडीपर्यंत स्वतःचं शेत पसरलेलं होतं, आणि त्यात भाताऐवजी खारं पाणी उभं होतं.

हा खारेपाट. इथली जमीन देवाने दिलेली नाही, माणसांनी खाडीकडून हिसकावून घेतलेली आहे. वाडवडलांनी चिखलाचा लांबलचक बांध घातला, भरतीचं पाणी बाहेर ठेवलं आणि आत भात पिकवला. हा बाहेरचा बांध म्हणजे साऱ्या गावाचा प्राण. काही वर्षांपूर्वी एका उधाणात तो एका जागी फुटला. अशा फुटलेल्या जागेला इकडे खांड म्हणतात. सुरुवातीला ती एवढीशी होती, की पोरं उड्या मारून पलीकडे जायची. सगळ्या गावाने ती पाहिली. पाहिली आणि तुम्ही-आम्ही जे करतो तेच केलं. अर्ज दिला, मोबाइलवरच्या गावाच्या ग्रुपात फोटो टाकला, खाली हात जोडल्याची चित्रं टाकली आणि जो तो आपापल्या कामाला लागला. साहेब येऊन बघून गेले. खांड रुंदावत गेली, होडी जाईल एवढी झाली.

आता गणराजच्या शेतात तिवरांची, म्हणजे खारफुटीची, रोपं वर आली होती. तिवरांचं एकदा रान झालं की कायदा त्याला हात लावू देत नाही, आणि मग ते शेत कायमचं गेलं. जाणती माणसं सांगत होती, की या पावसाळ्याआधी खांड बुजली तर पावसाचं पाणी मीठ धुऊन नेईल, नाहीतर विसरा. हे ऐकून मोरूंची झोप उडाली होती.

गणराज उरणकडे कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर होता. आळशी नव्हता हो, उलट फार खटपट्या. त्याने मोबाइलवर किहीमजवळच्या एका वस्तीचे व्हिडिओ पाहिले. तिथे काही माणसं एकत्र राहतात, मातीची घरं बांधतात, भाजीपाला आणि बियाणं स्वतःचं स्वतः करतात, काही वाया घालवत नाहीत. माती, पाणी, झाडं आणि माणसं एकमेकांना धरून राहतील अशी सगळी मांडणी. त्याला पर्माकल्चर म्हणतात. आठवडाभराचं शिबिर होतं, हाताने काम करून शिकायचं. गणराजने ठरवलं, आपण हे शिकायचं आणि आपलं शेत आपण जिवंत करायचं. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. कल्पिता म्हणाली, "मीपण येते. नायतर तू शिकशील आणि राबायला मी." दोघं रजा काढून गेली.

शिबिरात बहुतेक मुंबई-पुण्याची माणसं. शेणात हात घातला की पहिल्यांदा त्या हाताचा फोटो. शेण कसं कालवायचं हे रजा काढून शिकावं लागतंय, म्हणून कल्पिताला हसू आवरेना. गणराज मात्र मन लावून शिकला. पालापाचोळ्याचे थर लावून खत करणं, मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात जिरवणं, भिंतीला मातीचा गिलावा, राखेत बी राखणं. रोज संध्याकाळी फोनवर वडिलांना सांगायचा, "बाबा, आपली जमीन उठणार." पलीकडून नुसता हुंकार यायचा.

एकच गोष्ट त्याच्या डोक्यात जायची. सकाळी उठल्यावर कुणीही आपल्या वाफ्याकडे जायचं नाही. आधी सगळ्यांनी मिळून विहिरीपासून निघणारा पाट साफ करायचा. वस्ती चालवणाऱ्या राहीताई या बाबतीत फार कडक होत्या. पूर्वी ठाण्याला शाळेत शिकवायच्या, आता केस पांढरे झाले होते. गणराजला वाटायचं, आपण शिकायला आलो की गाळ उपसायला? एका सकाळी त्याने सरळ दांडी मारली आणि आपलं खत परतत बसला. राहीताईंनी ते पाहिलं आणि त्या पाटाकडे वळल्या.

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी त्याने राहीताईंना मोबाइलवर शेताचे फोटो दाखवले आणि विचारलं, की यात काय घालू म्हणजे मीठ जाईल? ताईंनी फोटो नीट पाहिले. मग पाणी येतं कुठून ते विचारलं. गणराजने खांडीची सगळी हकिकत सांगितली.

"ही खांड बुजवायची कुणी?"

"सरकारनं."

"आणि सरकारचं खातं नव्हतं तेव्हा?"

"तेव्हा गाव बुजवायचं. 'खांड गेली', म्हणजे बांध फुटला, अशी हाळी आली की घरटी एक माणूस निघायचा. ज्याच्या शेतात पाणी त्यानंही जायचं, ज्याच्या शेतात न्हाय त्यानंही. बाबा सांगतात, कुणाचं लग्न असलं तरी माणूस यायचा."

राहीताईंचा चेहरा पडला. त्यांनी मोबाइल गणराजच्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "गणराज, खत, बियाणं, मातीचं घर, हे सगळं मी तुम्हाला शिकवलं. पण तुमच्या जमिनीचा रोग मातीत नाही. रोज भरती आत येत असताना तुम्ही कितीही खत घाला, ते वाहून जाईल. आणि खरं सांगू? इतकी वर्षं मी इथे रक्त आटवलं ते फक्त एवढ्यासाठी, की माणसांनी आपल्या वाफ्याआधी सगळ्यांचा पाट बघावा. वीस जण आले, आता सहा उरलोत. जे मला जमलं नाही ते तुमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत होतं. तुम्ही ते हातातून जाऊ दिलंत, आणि शिकायला माझ्याकडे आलात!"

गणराजची मान खाली गेली. एकट्याचं शेत एकट्याने वाचवायला निघालो होतो, ही आपली अक्कल! त्याला स्वतःची लाज वाटली. कल्पिता हळूच म्हणाली, "चल घरी. अष्टमीचा भांग जवळ आलाय, त्या दिवसांत भरतीचं पाणी कमी चढतं. गावाला बोलवू."

घरी येताच गणराजने दारोदार फिरून रविवारी ओहोटीला बांधावर यायचं आवतण दिलं. कुणीही त्याला नाही म्हटलं नाही, हेच वाईट. कुणी चहा पाजला. कुणी म्हणालं जेसीबी मागव, आणि त्या मऊ बांधावर जेसीबी उभा राहणार नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होतं. कुणी रोज किती मिळणार ते विचारलं. कुणी जमीन विकायचं दलालाशी बोलणं चाललंय असं कुजबुजत सांगितलं. वरच्या अंगाला शेत असलेला जीवन तर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो हसून म्हणाला, "माझ्या शेतात अजून पाणी न्हाय रं. आलं की बघू."

रविवारी बांधावर आले कोण? गणराज, कल्पिता, मोरू आणि शेजारची भागुबाई. घरटी एक म्हणता म्हणता दोन घरची चार माणसं झाली, आणि त्यातली दोन म्हातारी. तरी ती कामाला लागली. मोरूंनी खुंट ठोकले, भागुबाईने पेंढा रचला, गणराज चिखल कापायचा आणि कल्पिता तो उचलून द्यायची. दुपारपर्यंत दोन्ही बाजूंनी बांध पुढे सरकला, मधे थोडीच फट उरली. मोरूंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. म्हातारा चक्क हसला, म्हणाला, "आणखी धा हात असते ना, तर चहाच्या वेळेला घरी गेलो असतो."

ते दहा हात गावातच होते. काही जण तर देवळाच्या कट्ट्यावर उभे राहून बघत होते, त्यात जीवनही होता, एकदोघांनी मोबाइल वर धरला होता. गणराजने हाका मारल्या. त्यांनीही हात हलवला. मग भरती लागली. भांगाचीच भरती, फार जोर नव्हता, पण उरलेल्या फटीतून सगळं पाणी एकदम घुसलं आणि ओला चिखल विरघळायला लागला. कल्पिता खुंटाला धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. गणराजने तिला ओढून वर काढलं, तोवर सकाळपासूनचं काम खाडीत गेलं होतं. खांड पहिल्यापेक्षा रुंद झाली.

मोरू बांधावर खाली बसले. "गेलं आपलं," एवढंच म्हणाले. आणि मंडळी, ते खरोखरच गेलं. पुढच्या उधाणांत खांड इतकी वाढली, की माणसांच्या हाताने बुजण्याची गोष्ट उरली नाही. पाऊस आला तो खाऱ्या पाण्यातच पडला. दिवाळीपर्यंत तिवरं कमरेला लागली. गणराजचं शेत आता सातबाऱ्यावर आहे, जमिनीवर नाही. गोड शेवट करायला मलाही आवडलं असतं, पण तसं घडलं नाही.

त्या थंडीत गणराज सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन बांधावर दिसू लागला. खांडीकडे नाही, तिच्यापासून दूर, वरच्या अंगाला. तिथे खेकड्यांनी बिळं पाडली होती आणि भरतीला त्यातून पाणी झिरपत होतं. खांडीचा जन्म असाच होतो. तो आणि कल्पिता बिळं खणून काढायची आणि त्यात चिखल ठासून भरायची. लोकांना वाटलं, शेत गेल्यामुळे पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

एके दिवशी जीवन तिथे आला. बांधाच्या आतल्या बाजूला त्याचंच शेत होतं, खांडीचं पाणी अजून तिथवर चढलं नव्हतं. भात कापून झाला होता आणि कोरड्या मातीत वालाचे वेल हिरवेगार पसरले होते. त्याने थोडा वेळ बघितलं आणि मग विचारलं, "तुझं तर सगळं गेलं. आता कुणाचं राखतोस?"

गणराजने फावडं थांबवलं नाही. म्हणाला, "तुझं. माझं गेलं ते आपल्या दोघांच्या देखत गेलं. तू कट्ट्यावर होतास, मी पाण्यात होतो, एवढाच फरक. तुझं जाताना मना कट्ट्यावर उभं राहायचं न्हाय."

जीवनचे डोळे भरून आले. हे ऐकण्यापेक्षा गणराजने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. तो पुढे झाला. चपला काढल्या, पँट वर दुमडली, खाली उतरला आणि दोन्ही हातांनी चिखल उचलून बिळाच्या तोंडावर दाबला.

मित्रहो, खत करायला शिका, बी राखायला शिका, मातीची घरं बांधा. हे सगळं चांगलंच आहे. पण सगळ्यांचा म्हणून जो बांध असतो, तो फुटला की एकट्याची कुठलीच विद्या कामाला येत नाही. पाणी आपल्या शेतात येण्याची वाट बघू नका. शेजाऱ्याच्या शेतात आलं, तेव्हाच ते आपल्याकडे यायला निघालेलं असतं. गणराजला हे कळायला त्याचं शेत द्यावं लागलं, आणि ते त्याला आता कुणीही परत देऊ शकत नाही.