दोन जादा चाकं

थंडीत बायकोचे सांधे आणखी धरतील असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून प्लंबर तिच्या जुन्या स्कूटरच्या मागे हात धुऊन लागला. त्याने कार्बोरेटर साफ केला, ब्रेकची केबल बदलली आणि मागे दोन्ही बाजूंना आधाराची चाकं वेल्डिंग करून बसवली.

पहिल्या गार सकाळी त्याने तिला अंगणात आणून सीटवर बसवलं. स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. तिचा चेहरा खुलला, पण बोटं काही केल्या ब्रेकवर मिटेनात. त्याने केबल ढिली केली, ब्रेकची दांडी वाकवून जवळ आणली. तरी जमेना.

"राहू द्या हो. तुम्ही चालवा, मी मागे बसते."

"अगं, मला कुठे येते?"

खरंच होतं. त्याला लांबचं धड दिसत नसे. लग्नापासून तीच चालवायची आणि हा पान्ह्यांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसायचा.

तो तिच्या मागे जाऊन बसला. स्कूटर जागच्या जागी थरथरत राहिली.

"पेट्रोल जळतंय," ती म्हणाली.

"जळू दे."